सुरणेचं पाणी

आमच्या गावाच्या अलीकडं रस्त्यावर एक लहानसा पूल आहे. पुलाच्या दोन्ही अंगांना हिरव्या पाट्या आहेत आणि त्यांवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, 'सुरणा नदी'. माजलगावची एसटी पुलावर आली की खिडकीशी बसलेल्या बाया हात जोडतात. एखादी रुपया टाकते. परवा माझ्या शेजारी बसलेली एक सून मला म्हणाली, आजी, तुम्ही नमस्कार नाही केला? मी म्हटलं, बाई, ती माझ्या माहेरची म्हैस होती. ती सून पुढच्या थांब्यापर्यंत माझ्याकडं बघत राहिली. म्हातारी सरकली, असं तिला वाटलं असणार.

सरकले नाही. खरंच म्हैस होती, माझ्या वडलांची. कातडी सुरणाच्या गड्ड्यासारखी खडबडीत आणि काळपट, म्हणून तिचं नाव सुरणा. दूध चांगलं द्यायची, लाथही चांगली मारायची. आता तिचं नाव नदीला कसं लागलं, हे सांगायचं तर इंदूताईंबद्दल सांगावं लागेल. आणि इंदूताई आठवल्या की आधी मला हसू येतं, मग ते हसू मधेच थांबतं. तरी सांगते.

ताई पुण्याच्या. नद्यांच्या नावांचा अभ्यास करायच्या. दिवाळी झाली, आमच्या गावातली निम्मी घरं ऊसतोडीला कारखान्यांवर गेली, की त्या यायच्या. मागं उरायची म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. लोक म्हणायचे, बाई, अशा रिकाम्या गावात येऊन काय करता? तर म्हणायच्या, ज्यांना वेळ आहे तेच मागं राहिलेत, मला हवेत ते तेच. आमच्या घरची विहीर होती, थोडी जमीन होती, म्हणून आम्ही जात नसू. त्यामुळं ताईंचं बिऱ्हाड आमच्या ओसरीवर. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी नवी नवरी, आणि त्या माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. मनगटावर पुरुषी घड्याळ, साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट. लेकरं त्यांना बूटवाली बाई म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

त्यांच्या पिशवीत कागद असायचे ते सगळे लग्नपत्रिकांचे. पुण्यात ओळखीपाळखीच्यांकडून जुन्या पत्रिका गोळा करायच्या आणि कोऱ्या बाजूवर लिहायच्या. एका बाजूला चि. सौ. कां. आणि दुसऱ्या बाजूला एखाद्या ओढ्याचं नाव, डोहाचं नाव, नदी ओलांडायच्या उताराचं नाव. मी एकदा विचारलं, ताई, वही कावून घेत न्हाई? तर म्हणाल्या, वहीतलं पान फाडायला जीव होत नाही गं. पत्रिका टाकून देता येते. चुकलेलं टाकता आलं पाहिजे.

हे मी तेव्हा ऐकलं आणि विसरले. आता आठवतं.

त्यांचं म्हणणं असं, की गावाचं नाव राजा बदलतो, पाटील बदलतो, आता तर आमदारही बदलतो. नदीला कुणी विचारतच नाही. म्हणून सगळ्यांत जुना शब्द पाण्यावर असतो. आपण आज बोलतो त्या भाषेच्याही आधी इथं कुणीतरी दुसरंच काही बोलत होतं. ती माणसं गेली, त्यांची बोली गेली, पण जाताना नद्यांची नावं इथंच विसरून गेली. ही विसरलेली नावं शोधणं एवढंच माझं काम, असं सांगायच्या. मग आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, विसरलेली वस्तू मालकाला द्यावी लागती बाई, मालक कुठंय? यावर ताई असं हसायच्या की डोळ्याला पदर लावायच्या.

एक रीत होती त्यांची, ती मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. ज्या नदीचं पाणी जिभेवर घेतलं नाही तिचं नाव त्या लिहीत नसत. उन्हाळ्यातलं हिरवं पाणी असो, गाळाचं असो, ओंजळीत घ्यायच्या आणि घोटभर तोंडात. आत्याबाई ओरडायच्या, हगवण लागंल. लागायचीही. मग दोन दिवस ओसरीवर पडून ताकभात. तिथूनही म्हणायच्या, चव वेगळी होती हो आत्याबाई, चुनखडीची.

दुसरी रीत त्याहून अवघड. नाव विचारायचं नाही. नावांच्या मागं असलेली बाई, आणि नाव विचारत नाही. म्हणायच्या, "विचारलं की माणूस देतो. दिलेलं नाव देणाऱ्याचं असतं, नदीचं नसतं. ते आपणहून आलं पाहिजे." मग बायांजवळ बसून इकडचं तिकडचं बोलत राहायच्या. काल धुणं कुठं धुतलं, म्हैस कुठं डुंबते, पूर आला तेव्हा कुठून ओलांडलं. असं बोलता बोलता एखादीच्या तोंडून नाव सुटायचं, आणि ताईंचा हात पिशवीत जायचा.

मेंढरं राखणारे सखारामबुवा होते. बोलायचं म्हटलं तर पैसे पडतात असा माणूस. ताई तीन दिवस त्यांच्याजवळ माळावर बसल्या. त्यांची लोकरीची चाती फिरवायला शिकल्या, वेडावाकडा धागा काढला. बुवा तीन दिवसांत तीन शब्द बोलले असतील. तिसऱ्या दिवशी कुत्रं मेंढरामागं लागलं तसे बुवा ओरडले, "मर की तिकडं घोडडोहात." ताईंनी पत्रिका अशी काढली, जसा काही पायाशी विंचू दिसला. संध्याकाळी घरी येऊन मला म्हणाल्या, सोना, कुत्र्याला शिवी देताना माणूस खोटं बोलत नाही.

आणि 'माहीत नाही' म्हणायला त्या कधी लाजल्या नाहीत. आमच्या सिंदफणा नदीच्या नावाचा अर्थ काय हो ताई, असं कुणीही विचारायचं. त्या ताठ बसून सांगायच्या, माहीत नाही. जसं काही पदवीच मिळाली. माजलगावच्या मोंढ्यात एका अडत्यानं त्यांना त्या नदीची मोठी गोष्ट सांगितली, कोणा ऋषीच्या कमंडलूची. ताईंनी चहा घेतला, गोष्ट ऐकली, आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, नावाचा अर्थ हरवला की लोक गोष्ट रचतात. गोष्ट गोड असली की समजावं, खरं काही उरलं नाही.

मला वाचता आलं ते त्यांच्यामुळं. दुसरीपर्यंत शाळेत गेले होते, अक्षरं ओळखू यायची, पण ती एकमेकांचा हात धरत नव्हती. ताईंनी पत्रिकांचा ढीग माझ्यापुढं टाकला आणि म्हणाल्या, अ पासून लावून दे. मी वर्षानुवर्षं लावल्या. एका बाजूनं नद्या वाचल्या, दुसऱ्या बाजूनं पुण्यातली लग्नं वाचली. पुढं माझ्या पोरींची पुस्तकं, वर्तमानपत्राचे तुकडे, जे हाती लागेल ते. आज हे चार शब्द लिहिते आहे ते त्या ढिगातून आलेले आहेत. हे विसरून चालणार नाही मला. म्हणून तर मनाला जास्त लागतं.

आता म्हशीकडं येते.

ताईंची ती तिसरी खेप असेल. तापानं आठवडा गेला होता, हाती काही लागलं नव्हतं. चारच्या एसटीनं निघायच्या होत्या. आत्याबाईंनी त्यांना पाटावर बसवून ओटी भरली, खण, नारळ, गहू. सवाष्ण घरातून रिकामी जात नाही. उंबऱ्यावर आमच्या आळीच्या चारसहा बाया उभ्या. ताई बूट घालता घालता वळल्या, आणि काय वाटलं कोण जाणे, थकल्या असतील, सरळ विचारलं, "सोना, या तुमच्या मागच्या ओढ्याला काय म्हणता गं?"

कधी न विचारणाऱ्या बाईनं विचारलं.

त्या ओढ्याचं नाव आहे. लेकरांचा वढा. दात न आलेलं लेकरू गेलं तर आमच्याकडं जाळत नाहीत, पुरतात. ते त्या ओढ्याच्या काठाला. उशाशी एक धोंडा ठेवायचा, बस. सगळ्या घरांचे धोंडे तिथं होते. त्या वर्षीच्या पावसाळ्यात माझाही एक ठेवला होता. पहिली लेक, सहा दिवसांची.

आता भरल्या ओटीच्या सवाष्णीला, उंबऱ्यावर, ते नाव कसं सांगायचं? आणि नाव नाही म्हणावं तर पाहुणी रिकाम्या हातानं जाणार. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "सुरणा." आत्याबाई लगेच म्हणाल्या, हो, सुरणाच. मागून शेजारची जिजा म्हणाली, आमी तर लहानपनापासून सुरनाच म्हनतो. अशा कामाला आमच्या बायांना बैठक घ्यावी लागत नाही. ताईंचा चेहरा असा उजळला की मला बरं वाटलं. गाडी चुकेल म्हणून त्या ओढ्यावर गेल्या नाहीत, पाणी चाखलं नाही. तिथंच उभ्यानं लिहून घेतलं.

पुढं आमच्यात ती थट्टाच झाली. ताई आल्या की जिजा मला हळूच विचारायची, आज सुरणेला वैरण टाकली का? हसायचो. ओढा काय, बाहेरच्या कुणाच्या खिजगणतीत नव्हता.

पण एका हिवाळ्यात ताईंनी आमच्या अंगणात बसून पत्रिकांचा एक गठ्ठाच्या गठ्ठा पाणी तापवायच्या चुलीत घातला. खालच्या अंगाच्या एका गावातल्या म्हातारीनं सांगितलेली नावं होती. नंतर कळलं, म्हातारीला कुणीही नाव विचारलं की ती उलट विचारायची, तुमाला कसं पायजे? ताई एकेक पत्रिका जाळात सारत होत्या आणि म्हणत होत्या, तिनं मला खूश केलं गं. खूश झालेला माणूस आंधळा असतो. मी चुलीला फुंकर घालत होते. सुरणेची पत्रिका आत ओसरीवर पिशवीत आहे, हे मला माहीत होतं. बोलायला तोंड उघडलं नाही.

उघडलं ते फार वर्षांनी. ताईंचे केस तोवर पिकले होते. यजमान गेले होते. पुण्यातले मोठे विद्वान त्यांना म्हणायचे, बाई, तुमचं म्हणणं सुंदर आहे, पुरावा दाखवा. आता पुस्तक लिहायला घेतलं होतं. एका दुपारी मी हुलगे निवडत बसले होते आणि त्या मला समजावत होत्या. एकाच घडणीची तीन नावं, तीन दूरदूरच्या पाण्यांवर. दोन असती तर योगायोग म्हणाले असते. तिसरं सापडलं म्हणून रेघ ओढता येते. "सोना," त्या म्हणाल्या, "माझं सगळं तुझ्या सुरणेवर उभं आहे."

सूप माझ्या मांडीवर. हुलगे निवडायची मी थांबले.

"ताई," मी म्हटलं, "सुरणा वढा न्हाई. म्हैस हाय."

त्या आधी हसल्या. मग माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि हसू गेलं. मी सगळं सांगितलं. ओटी, उंबरा, बाया, वडलांची म्हैस, सगळं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मग त्या ओढ्याला काय म्हणता?"

"लेकरांचा वढा."

का म्हणतो, तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, तुझं कोण आहे तिथं? मी म्हटलं, लेक. आणि त्यांच्या तोंडून सवयीनं निघालं, "नाव?" लगेच त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

"बारशाच्या आधी गेली ताई. नाव ठेवलंच न्हवतं."

त्या उठून माझ्याजवळ आल्या, खाली जमिनीवर बसल्या. पिशवीतून पत्रिका काढली आणि लिहिलं. मग मला वाचायला दिली. 'लेकरांचा वढा. सांगणारी सोनाबाई.' 'वढा'चा 'ओढा' केला नव्हता, माझाच शब्द ठेवला होता. म्हणाल्या, "हे पुस्तकात जाईल. सुरणा मी काढते." मी विचारलं, मग तुमची रेघ? तर म्हणाल्या, रेघ पुसता येते गं, म्हणून तर पत्रिकांवर लिहिते.

त्या संध्याकाळी मला इतकं हलकं वाटलं, की मी ओढ्यावर एकटी गेले आणि त्या धोंड्याजवळ बसून लेकीला सांगितलं, तुझं ठिकाण पुस्तकात येणार बघ.

दोन वर्षांनी पुस्तक टपालानं आलं. पहिल्या पानावर ताईंच्या अक्षरात, 'सोनास, जिच्यामुळे हे झाले.' मी ते देवापाशी ठेवलं, हळदकुंकू लावलं, आणि दुसऱ्या दिवसापासून वाचायला घेतलं. कठीण होतं, अर्धं कळत नव्हतं, पण मी सोडलं नाही. चौथ्या दिवशी ते पान आलं. सुरणा. सांगणारी सोनाबाई. आणि खाली एक ओळ, ती मला पाठ आहे. 'या प्रवाहासाठी स्थानिक लोकांत दुसरे कोणतेही नाव आढळत नाही.'

आढळत नाही. उभ्या जन्मात 'माहीत नाही' म्हणायला न लाजलेली बाई. तिला माहीत होतं.

तिनं मला वाचायला शिकवलं नसतं तर मला कळलंही नसतं. पुस्तक देवापाशी राहिलं असतं, मी रोज फूल वाहिलं असतं.

मी माझं पहिलं पत्र लिहिलं. दोन ओळींचं. ताई, तुम्ही असं का केलं, लेकरांचा वढा कुठं गेला. उत्तर आलं ते पत्रिकेच्या पाठीवर. लिहिलं होतं, सोना, एक ओढा काढला तर दोन उरतात. दोनांवर मला कुणी काही उभं करू देत नाही. तीस वर्षं आहेत गं ही. तुला समजेल. उलटून पाहिलं तर कुणाच्यातरी लग्नाचं आग्रहाचं निमंत्रण.

समजलं मला. न समजायला काय झालं? पहिलं खोटं माझंच, ते मी कुठं नाकारते. पण मी खोटं बोलले ते उंबऱ्यावर, पाहुणी रिकामी जाऊ नये म्हणून. आणि मी जे परत मागून घेतलं, ते तिनं ठेवून घेतलं, माझ्याच नावावर.

तरी तेवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळलं असतं. पण पुस्तकाचं नाव झालं. वर्तमानपत्रात आलं, की आमच्या भागात फार प्राचीन नदी आहे. आमच्याकडच्या एका पुढाऱ्यानं ते वाचलं. ओढ्याची नदी झाली, पुलावर पाटी आली, निधी आला, घाट बांधायचं ठरलं. एका सकाळी जेसीबी काठावर उभा.

आम्ही सातआठ जणी कचेरीत गेलो. तिथला साहेब चांगला माणूस, खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. आम्ही सांगितलं, साहेब, तिथं आमची लेकरं हायती, तो लेकरांचा वढा हाय. त्यानं कपाटातून पुस्तक काढलं. माझ्या देवापाशी होतं तेच.

"आजी, सांगणारी सोनाबाई म्हणजे तुम्हीच ना?"

"व्हय."

"मग आता वेगळं का सांगता?"

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि उठले. परत येताना जिजा म्हणाली, सोने, तुझी म्हैस सुटली, आता तूच बांधून दाव. जिजाचेही दोन धोंडे होते तिथं. तीन दिवसांत काठ सपाट झाला.

घाटाच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुण्या म्हणून ताई आल्या. मी जाणार नव्हते. गेले. बायांच्यात मागं उभी राहिले. ओढा त्या दिवसांत कोरडाच असतो, म्हणून सकाळी दोन टँकर आणून पायऱ्यांशी पाणी सोडलं होतं, फुलं टाकली होती. ताई वाकल्या होत्या, हातात काठी, गळ्यात हार. मनगटावर तेच घड्याळ. पायात मात्र बूट नव्हते, चांगल्या चपला होत्या. पुढारी बोलले, मग म्हणाले, ताई, पहिली ओंजळ तुमची.

त्या एकेक पायरी उतरल्या. कुणीतरी दंडाला धरलं होतं, त्यांनी हात सोडवून घेतला. खाली बसल्या, दोन्ही हात पाण्यात घातले, ओंजळ भरली आणि ओठांपर्यंत नेली. तेवढ्यात मान वर झाली, आणि एवढ्या बायांत मी त्यांना दिसले.

मी काही केलं नाही. नुसती उभी होते.

ओंजळ ओठांजवळ तशीच राहिली. मग बोटं सैल झाली. पाणी मनगटावरून, घड्याळावरून गळून खाली गेलं. ताईंनी हात पदराला पुसले, पायऱ्या चढल्या आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारची बाई म्हणाली, म्हातारीला तहान न्हाई वाटतं.